फिकट मांस

२ सप्टेंबर

झोपेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं लिहीत जा, जे वाटेल ते. वाटत तर काही नाही. जे झालं ते लिहिते.

आजपासून वाशीच्या जनावरांच्या दवाखान्याबरोबर माळावरच्या कत्तलखान्याची मांस तपासणीही माझ्याकडं आली. डुकरांचा कत्तलखाना आहे. व्यंकट नावाच्या माणसानं यंदाच्या उन्हाळ्यात सुरू केलाय, माल हैदराबादला जातो. तेरखेड्याच्या रस्त्याला, फटाक्यांच्या शेडपासून दोन शेतं अलीकडं. जिल्ह्याच्या साहेबांनी आधी फोन केला होता. "शिवरंजनी मॅडम, तो रस्ता तुम्हाला... म्हणजे जमेल का? नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो." मी म्हटलं, जमेल. माझे यजमान शिवकुमार पौषात त्याच रस्त्यावरच्या एका शेडवर गेले होते. वीज कंपनीचं काम, मीटर बघायचं होतं. आतल्या फटाक्यांच्या दारूनं पेट घेतला. जे गेले त्यात ते होते. त्यात रस्त्याचं काय?

संध्याकाळी घरी आले तर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, अंगणात गरम पाण्याची बादली भरून ठेवलेली. आम्ही लिंगायत, घरात अंडंही शिजत नाही. डुकराचं नाव काढल्यावर आई काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. "आधी आंघोळ कर, मग जेव," एवढंच म्हणाल्या.

६ सप्टेंबर

आज सकाळी दहा डुकरं कापली. चार इथलीच काळी, आसपासच्या वस्तीवरची. सहा पांढरी, मोठ्या अंगाची, बेंबळीकडून आलेली. बब्रुवान नावाच्या म्हाताऱ्याची आहेत. खरं तर त्याच्या सुनेची, वर्षाराणीची. तिनंच प्रशिक्षण घेऊन ही जात आणली आणि तीच पिकअप चालवत आली.

कापण्याआधी सगळी निरोगी. काल दुपारी आणून रात्रभर पत्र्याच्या वाड्यात विश्रांतीला ठेवली होती, नियमाप्रमाणं. कापल्यावर जीभ, जबडा, काळीज, फुप्फुसं बघितली. कुठं गाठ नाही, अळी नाही. मग मांड्या आणि पाठीचं मांस बघितलं. पांढऱ्या सहांतल्या चारांचं मांस भिजवलेल्या तांदळासारखं फिकट. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो. टांगलेल्या धडाखाली पाण्याचं थारोळं. काळ्यांचं मांस मात्र घट्ट आणि गुलाबी.

व्यंकट म्हणाला, "मॅडम, हे हैदराबादचा माणूस हातात..." आणि थांबला. मग म्हणाला, "हातात धरणार न्हाय." त्याला वाक्य मध्येच तोडून पुन्हा सुरू करायची सवय आहे. चारही बाद केली.

तपासताना सुरी सटकली, डाव्या हाताचं बोट कापलं. दुखलं नाही.

७ सप्टेंबर

पुस्तकं काढून बघितली. फिकट, मऊ, पाणी सुटणारं मांस हा रोग नव्हे. जनावर मरायच्या आधी खूप ताणात असलं की स्नायू आतून तापतात, आंबतात आणि पाणी सोडतात. पांढऱ्या, जास्त मांस धरणाऱ्या जातींत हे फार. दुसरं कारण म्हणजे खाण्यात काही कमी असणं, त्यातही स्नायू पांढरे पडतात. वर्षाराणीला फोन करून खाद्य विचारलं. मका, सोयाबीनची पेंड, क्षारांची पिशवी. काही चूक नाही. बोलण्यात फार नीट आहे. "मॅडम, पैला माल हाय माझा," म्हणाली.

म्हणजे प्रवासाचा ताण. बेंबळी लांब आहे. व्यंकटला सांगितलं, पुढच्या खेपेला एक रात्र नको, दोन रात्री विश्रांती द्यायची. पाणी भरपूर. काठी अजिबात लावायची नाही.

आईंना कमी ऐकू यायला लागलंय बहुतेक. संध्याकाळ झाली की टीव्ही इतक्या मोठ्यानं लावतात की शेजारची बाई डोकावून जाते. खिडक्याही लावून घेतात. उकडतं.

१३ सप्टेंबर

दोन रात्री विश्रांती दिलेली आठ पांढरी डुकरं. सगळीच्या सगळी फिकट. मागच्यापेक्षा वाईट. कापल्यावर पाऊण तासानं मांडीत तापमापक घातला तर एक्केचाळीस. माणसाला चढला तर आपण धावपळ करू एवढा ताप, तो मेलेल्या मांसात.

आणखी एक तर वाड्यातच मेलं, मी पोचायच्या आधी. धापा टाकत होतं म्हणे, अंगावर लाल चट्टे उठले, पाय ताठ झाले आणि पडलं. उघडून बघितलं. प्लीहा ठीक, गाठी ठीक. स्वाइन फिव्हरचं काही दिसत नाही, पण नियम आहे, नमुने पाठवले. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "अहवाल येईपर्यंत त्यांचं एकही जनावर हलू देऊ नका. आणि संशयित म्हणूनच लिहा, आपल्या अंगावर नको."

बब्रुवान आले होते. धोतर, डोक्याला टॉवेल. वाड्याबाहेर मेलेल्या डुकराजवळ उकिडवे बसले आणि त्याचा कान सरळ केला. "म्याडम, रोगट न्हाईत ओ माजी. सुनंनं लेकरावानी पाळल्यात. ताप आला तर रातभर बसती ती." मी म्हटलं, नमुने गेलेत, बघू. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. तिथं उभी राहून वाट बघितली, वाटतंय का. नाही वाटलं.

१८ सप्टेंबर

बेंबळीच्या शिवारात जाऊन आले. वर्षाराणीचा गोठा गावापासून लांब, ओढ्याच्या कडेला, लिंबाच्या झाडांत. इतकी शांत जागा बऱ्याच दिवसांत बघितली नाही. पोरं-टोरं नाहीत, रस्ता नाही. डुकरं पोटावर पडून झोपलेली. अंगावरून हात फिरवला तरी उठत नाहीत. एका डुकरीच्या पोटाला बारकी पिल्लं लोंबत होती. एकालाही काही झालेलं नाही.

वर्षाराणीनं चहा दिला. कप खाली ठेवताना म्हणाली, "गावातली माणसं येऊन गेली. म्हणाली, डुकरं पटापट मरायलीत, उद्या आमच्या शेळ्यांना लागंल. दसऱ्याच्या आत सगळी हलवा न्हायतर आमी बघून घेतो. मामा तवापासून नीट जेवंनात." मामा म्हणजे बब्रुवान. "मॅडम, रोग असंल तर रोग म्हणून लिहा. न्हाय तर काय झालंय ते लिहून द्या. मधलं काय नको. मधल्यात माणूस मरतंय."

येताना गाडीत तेच वाक्य डोक्यात होतं. मग ते गेलं.

२३ सप्टेंबर

अहवाल आला. स्वाइन फिव्हर नाही. साहेब म्हणाले, "मग प्रश्न मिटला." मी विचारलं, फिकट मांसाचं कारण काय लिहू? "अज्ञात लिहा. असतात अशा गोष्टी. नाहीतर जातच वाईट आहे म्हणून लिहा, कळप मोडू देत."

अज्ञात लिहिलं तर गाव तो शब्द धरून बसेल. कळप मोडा लिहिलं तर सगळेच खूष, वर्षाराणी सोडून. दोन्हींत माझं काही जात नाही. कागद समोर घेऊन बसले. पेन हलेना. हे चांगुलपणामुळं झालं असं मला वाटत नाही. फक्त ते खरं नव्हतं.

हलवायची बंदी उठली. वर्षाराणीला म्हटलं, दोन डुकरं पाठव, कापायला नाही, नुसती वाड्यात ठेवायला. मला बघायचंय.

२५ सप्टेंबर

दुपारभर वाड्याच्या भिंतीला टेकून बसले. कुत्रं येतंय का, साप आहे का, पत्रा तापतोय का, पाण्याला वास येतोय का. काही नाही. शेजारच्या खणात काळी डुकरं घोरत पडलेली. आणि ही दोन पांढरी मात्र मधूनच, काहीएक कारण नसताना, एकदम उसळून कोपऱ्यात जातात. एकमेकांच्या अंगावर चढतात. परत शांत होतात तोवर पुन्हा तेच. संध्याकाळी एकाच्या मांड्या थरथरत होत्या, ते धापा टाकायला लागलं. भिण्यासारखं म्हणून बघायला गेलं तर समोर काहीच नाही.

मोबाइलवर चित्रण करून घेतलं, साहेबांना दाखवायला. व्यंकटला सांगून दोन्ही डुकरं लगेच बेंबळीला परत पाठवली.

आज पुन्हा चहा सांडला अंगावर. हाताला काय झालंय कळत नाही.

२६ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कालचं चित्रण लावलं. आई भाकरी थापत होत्या. डुकरं दिसली, पत्रा दिसला. आणि फोनमधून धडाड् असा आवाज आला. आईंच्या हातातली भाकरी खाली पडली. "यव्वा!" म्हणाल्या. कुणी मेल्यावर किंवा भाजल्यावरच त्यांच्या तोंडी कानडी येतं. पिठाच्या हातानंच धावत आल्या आणि फोन हिसकावला.

"हे काय लावलंयस गं?"

"डुकरं आहेत आई. कालची."

"बंद कर. आधी बंद कर ते."

मी म्हटलं, आवाज कसला होता? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. परातीपाशी जाऊन बसल्या, पण थापेनात.

मी फोन घेऊन अंगणात गेले, कानाला लावून पुन्हा ऐकलं. धडाड्. डुकरं उसळली. थोड्या वेळानं तीन एकापाठोपाठ. डुकरं कोपऱ्यात. मग एक मोठा, त्यानं पत्रा वाजला. चित्रणात मधेच माझा हातही हलतो, तेव्हा चित्र आभाळाकडं जातं. दिवाळी जवळ आली, शेडवाले माळावर रोज माल उडवून बघतात. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी तिथं दुपारभर बसले होते. काहीच ऐकलं नव्हतं.

कान तपासायला हवेत असं आधी वाटलं. पण मला चिमण्या ऐकू येतात. व्यंकटचं बोलणं ऐकू येतं. आणि आईंचे कानही ठीकच असणार, टीव्ही माझ्यासाठी मोठा होत होता.

इथली काळी डुकरं त्या आवाजातच जन्मलेली. बेंबळीची ओढ्याकाठच्या शांततेतली. त्यांना आम्ही आणून आवाजाखाली ठेवलं आणि त्याला विश्रांती म्हटलं. एक रात्र कमी पडली म्हणून मी दोन केल्या. ते मेलेलं डुक्कर माझ्या दोन रात्रींनी मेलं.

२७ सप्टेंबर

आता सगळंच ऐकू येतं. दवाखान्यात एका गाईला इंजेक्शन देताना लांबून एक आवाज आला आणि माझ्या हातातून सिरिंज पडली. गाईचा मालक म्हणाला, "असू द्या मॅडम." दुपारी उलटी झाली. हे आधीपेक्षा बरं आहे असं कुणी म्हणू नये.

पुराव्यासाठी एकच गोष्ट करता येते. आवाज बंद ठेवून त्याच कळपातली डुकरं कापायची. त्यासाठी शेडवर जायला हवं.

२९ सप्टेंबर

गेले. वाड्याला सगळ्यात जवळचा जो शेड आहे तो सिद्धाराम नावाच्या माणसाचा. शिवकुमार गेले तो त्याच्या पलीकडचा, आता तिथं नुसती काळी जमीन आणि गवत आहे. मी गाडी अलीकडंच लावली आणि चालत गेले. दारूचा वास असतो हवेत, जळलेल्या काडीसारखा.

सिद्धाराम पन्नाशीचा, कपाळाला विभूती. सुतळी मोजत होता. मला बघून उठून उभा राहिला. मी माझं काम सांगायला लागले: मी वाशीच्या दवाखान्याची डॉक्टर, तुमच्या शेजारी डुकरं असतात, एक दिवस संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माल उडवायचा बंद ठेवता आला तर. सीझन आहे हे मला कळतं, तुमच्या अडचणी...

"ठेवतो," तो म्हणाला.

"तारीख अजून—"

"कवाबी सांगा. बाकीच्यांनाबी सांगतो मी, कुणी उडवणार न्हाय." त्यानं हात जोडले. का जोडले कळेना. मग म्हणाला, "ताई, मी वळखलं तुम्हाला. त्या दिवशी मी इथंच होतो. तुमच्या साहेबांचं काम झालं होतं. भाईर येऊन त्या लिंबाखाली उभं ऱ्हायले, शेडकडं पाठ करून. फोनवर बोलत होते. गाडीचं टायर बदलायचंय म्हणत होते कुणाला तरी. हसत होते." तो थांबला. "उडालेल्या पत्र्याखालनं म्याच काढलं त्यांना. उशीर झाला होता."

मी म्हटलं, तो फोन मला होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लपवलं असं नाही, कुणी विचारलं नाही. ते टायरचं सांगत होते, मी म्हणत होते नवीनच टाका, जुन्यावर भागवू नका. ते हसले आणि फोन बंद पडला. मला आवाज आला नव्हता. नुसता बंद पडला. मी दोनदा परत लावला, मग वाटलं रेंज गेली असेल, आणि एका म्हशीला तपासायला गेले.

सिद्धारामनं पाणी दिलं. पेला तसाच खाली ठेवला. निघाले.

५ ऑक्टोबर

दसरा झाला. वर्षाराणीनं गावाकडून आठवड्याची मुदत मागून घेतली होती, सरपंचाच्या दारात बसून.

काल संध्याकाळी ती चार डुकरं घेऊन आली. बब्रुवान बरोबर होते. माळावर आवाज नाही. एकही नाही. रातकिडे ऐकू येत होते. डुकरांनी वाडा हुंगला, पाणी प्याली आणि चारही एकमेकांच्या अंगाला अंग लावून आडवी झाली. बब्रुवान म्हणाले, "हितं झोपली की ही!" ते तिथंच पोतं टाकून आडवे झाले. आम्ही दोघी आपापल्या घरी आलो.

आज सकाळी कापली. पाऊण तासानं तापमापक घातला. ठीक. आंबटपणा मोजला. ठीक. मांडीचं मांस चिरलं, गुलाबी, घट्ट. बोट दाबलं, वर आलं. खाली जमीन कोरडी. दुसरं. तिसरं. चौथं.

व्यंकट म्हणाला, "मॅडम, हे तर एक नंबर." वर्षाराणी दाराबाहेर उभी होती, ती कापताना आत येत नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं, चारही पास. तिनं मान हलवली आणि पिकअपच्या मागं गेली. बराच वेळ आली नाही. बब्रुवान माझ्या पाया पडायला वाकले, मी मागं सरले, ते तसेच वाकून राहिले.

तिथंच टेबलावर लिहून दिलं, सहीशिक्क्यासह. कळप निरोगी. कोणताही संसर्ग नाही. मांस फिकट पडण्याचं कारण, कत्तलीपूर्वी लगतच्या आवाजानं बसलेली भीती. व्यंकटला सांगितलं, पांढरी डुकरं ठेवायची जागा बदल, रस्त्यापलीकडं खोलगट शेत आहे तिथं वाडा घाल. तोवर दिवाळीपर्यंत पांढरी आणायची नाहीत. साहेबांना फोन केला. "भीती? असं कागदावर लिहितात का मॅडम?" म्हणाले. मी म्हटलं, पुस्तकात तोच शब्द आहे. बरं, म्हणाले.

हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं असेल. नक्की सांगता येत नाही.

आज संध्याकाळीच घरी आले. आंघोळ करून जेवायला बसले. आईंनी टीव्ही लावला नव्हता. मी त्यांना डुकरांचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. एरवी घरात तो विषय निघत नाही. त्या ऐकत होत्या. मांस पांढरं का पडतं, मेल्यावरही ते तापलेलं का राहतं, हे मी सांगत होते. बोलून झाल्यावर लक्षात आलं की त्यांनी घास खाली ठेवलाय.

"म्हणजे मेल्यावरसुद्धा कळतंय," त्या म्हणाल्या, "की ते भ्यालं होतं म्हणून?"

"हो. कळतं."

गळ्यात लिंग ठेवायची डबी असते, त्या करड्याशी त्यांची बोटं गेली. मग खाली बघत विचारलं, "आमचा शिवू भ्याला असंल का गं?"

मी म्हटलं, "नाही आई."

"तुला काय ठाऊक?"

"माझ्याशीच बोलत होते. फोनवर. शेडकडं पाठ होती, सिद्धाराम म्हणून तिथले आहेत, त्यांनी बघितलं. टायर बदलायचंय म्हणाले. मी म्हटलं, नवीनच टाका. मग हसले. तेवढंच. भ्यायला वेळच नव्हता."

"हसला?"

"हो."

"परत सांग."

परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा टायरपासून सगळं सांगितलं. कसे हसले तेही सांगितलं, नाकातून, आवाज न करता, तसे. त्यांनी "व्हय, तसाच," म्हटलं आणि त्यांना रडू फुटलं. त्या गेल्या पौषापासून माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. मला वाटत होतं, त्यांचंही माझ्यासारखंच काहीतरी झालंय.

मी ताट बाजूला सारलं. त्यांच्याजवळ सरकून पाठीवर हात ठेवला. लुगड्याखाली पाठ थरथरत होती. थांबेपर्यंत हात काढला नाही. नंतर कळलं की माझंही तोंड ओलं आहे.